शाप नसता तर दुष्यंत काय म्हणाला असता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ए.ला कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ अभ्यासाला आहे. पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला भर दरबारात नाकारतो तेव्हा त्याचा संताप येतो. पण परीक्षेत लिहायचं असतं ते असं, की दुर्वासांच्या शापामुळे तो विसरला, म्हणून त्याच्याकडे दोष जात नाही. मग ही विश्वासघाताची गोष्ट मानायची की दुर्दैवाची? आणि मूळ महाभारतात शापच नाही म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. महाभारतात शाप नाही, अंगठी नाही, मासळीही नाही. तिथे दुष्यंताला सगळं लख्ख आठवत असतं आणि तरी तो नाही म्हणतो. मी तीसेक वर्षं कॉलेजात हे नाटक शिकवलं. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तुम्ही म्हणता तेच उत्तर मीही मुलांना उतरवून दिलं. आज देणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी महाभारत वाचा. आदिपर्वात, संभवपर्वाच्या पोटात हे आख्यान आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती मिळाली तर अध्याय ६२ ते ६९ काढा. तिथे राजाचं नाव ‘दुःषन्त’ असं छापलेलं दिसेल, त्यानं गोंधळू नका. शिकारीला मोठं सैन्य घेऊन निघालेला राजा आश्रमात शिरतो तेव्हा कण्व फळं आणायला गेलेले असतात. सख्या वगैरे कोणी नाहीत. शकुंतला पाहुण्याचं स्वागत करते, आणि आपण विश्वामित्र-मेनकेची मुलगी कशी, ती हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगते. राजा तिथल्या तिथे गांधर्वविवाहाचं बोलतो. ती म्हणते, थोडं थांबा, बाबा येतील, तेच मला तुमच्या हाती देतील. राजाला थांबायचं नाही. तो विवाहाचे आठ प्रकार सांगतो, क्षत्रियाला कोणता चालतो ते सांगतो, थोडक्यात धर्मशास्त्र काढून बसतो. मग ती म्हणते, हा धर्मच असेल तर माझी अट ऐका. माझ्या पोटी जो मुलगा होईल तो तुमच्यामागे युवराज झाला पाहिजे. हे कबूल असेल तरच.

इथे महाभारतकारानं एक शब्द टाकला आहे तो पेन्सिलनं अधोरेखित करा. राजा ‘असंच होवो’ म्हणाला, कसा? ‘प्रत्युवाचाविचारयन्’. विचार न करता. रानात वाढलेली मुलगी राज्याच्या वारसाबद्दल बोलते आहे, आणि राज्य चालवणारा माणूस विचार न करता हो म्हणतो आहे. तुला न्यायला चतुरंग सेना पाठवतो असं सांगून तो जातो, तो जातोच. मुलगा होतो, सहा वर्षांचा होतो, वाघ-सिंह धरून आश्रमाच्या झाडांना बांधायला लागतो, म्हणून त्याला सर्वदमन म्हणतात. सेना काही येत नाही. शेवटी कण्वच तिला मुलासह शिष्यांबरोबर पाठवतात.

दरबारात ती सरळ मुद्द्याचं बोलते: हा तुमचा मुलगा, दिलेल्या शब्दाप्रमाणे याला युवराज करा. आणि मग हा श्लोक येतो:

सोऽथ श्रुत्वैव तद्वाक्यं तस्या राजा स्मरन्नपि ।
अब्रवीन्न स्मरामीति कस्य त्वं दुष्टतापसि ॥

‘स्मरन्नपि’. आठवत असूनही राजा म्हणाला, मला आठवत नाही. दुष्ट तापसी, तू कोणाची कोण? एका ओळीत ‘स्मरन्नपि’ आणि दुसरीत ‘न स्मरामि’. विश्वासघाताचं इतकं उघडं वाक्य संस्कृतात मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आणि ती ऐकून घेत नाही. जाणत असूनही एखाद्या सामान्य माणसासारखं ‘मला ठाऊक नाही’ असं का म्हणता, असं विचारते. आपण एकटेच होतो असं तुम्हाला वाटतं, पण हृदयात बसलेल्या त्या पुराण मुनीला तुम्ही ओळखत नाही, असं सुनावते. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुम्हाला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असून दिसत नाहीत, असं म्हणते. राजा तिच्या आईचा उद्धार करतो, तर ती उत्तर देते की तुम्ही जमिनीवर हिंडता आणि मी अंतराळात, तुमच्या-माझ्यात मोहरी आणि मेरूइतकं अंतर आहे. शेवटी तर सांगूनच टाकते: तुमच्यावाचूनही माझा मुलगा ही चारी दिशांची पृथ्वी राखील. एवढं बोलून ती निघते.

मग आकाशवाणी होते: मुलाला सांभाळ, शकुंतलेचा अपमान करू नको. ‘भरस्व’ म्हटलं म्हणून मुलाचं नाव भरत. आता राजा मंत्र्यांकडे वळून काय म्हणतो ते बघा. हा माझाच मुलगा हे मलाही ठाऊक होतं. पण नुसत्या हिच्या शब्दावरून घेतला असता तर लोकांना शंका राहिली असती. शकुंतलेलाही तो तेच समजावतो, आणि वर म्हणतो, रागाच्या भरात तू मला जे टोचून बोललीस त्याची मी तुला क्षमा केली आहे.

हो, क्षमा तो करतो. खोटं तो बोलला, ‘दुष्ट तापसी’ तो म्हणाला, आणि क्षमेचा मानही त्यालाच. वर्गात हा श्लोक वाचला की मुली एकमेकींकडे बघतात. काही बोलायची गरज पडत नाही.

आता दुष्यंताची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. वारसाचा प्रश्न हा राज्याचा प्रश्न असतो. ज्याच्या जन्माला साक्षीदार नाही असं सहा वर्षांचं मूल गादीवर बसवलं तर उद्या भाऊबंद उठतील, हे खरंच. पण त्या हिशेबात शकुंतलेची अब्रू हे चलन आहे आणि ते तिला न विचारता खर्च केलं जातं. भर सभेत तिला खोटारडी ठरवायचं, देव मध्ये पडले तर घ्यायचं, नाही पडले तर? महाभारत हा प्रश्न उघडा ठेवतं. माझ्या मते मुद्दाम ठेवतं.

हे सगळं कालिदासापुढे होतं. त्यानं काय केलं, याची चर्चा आपल्या साहित्यशास्त्रात जुनीच आहे. आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त सांगितलं आहे की मूळ कथेत रसाला मारक असं काही आलं तर कवीनं ते खुशाल टाकावं आणि आपलं घालावं. कुंतकानं ‘वक्रोक्तिजीविता’त प्रकरणवक्रता, म्हणजे कथेतल्या एखाद्या प्रसंगातलं कवीचं कौशल्य, समजावताना दुर्वासांच्या शापाचंच उदाहरण घेतलं आहे. नायकानं जाणूनबुजून खोटं बोलून गरोदर बायकोला हाकललं तर सातव्या अंकात प्रेक्षक त्यांचं मीलन बघणार कसे? म्हणून शाप. तुमच्या परीक्षेतलं उत्तर इथून आलं आहे, आणि नाटकाची बांधणी म्हणून ते चूक नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. शाप आला म्हणजे दुष्यंत धुऊन निघाला, असं आपण परस्पर ठरवतो. कालिदासानं मात्र शापाच्या आधी आणि शापाच्या बाहेर इतक्या खुणा पेरून ठेवल्या आहेत, की शाप फक्त आठवण पुसतो, बाकी सगळं या माणसात आणि त्याच्या राजेपणात आधीपासून होतं, हे नीट वाचणाऱ्याला दिसावं.

मला हे एका विद्यार्थिनीनं दाखवलं. दुसऱ्या अंकाचा शेवट चालला होता. राजानं विदूषकाला, माधव्याला, शकुंतलेबद्दल सगळं भरभरून सांगितलेलं असतं. तेवढ्यात राजमातेच्या उपवासाचा निरोप येतो आणि आपल्याऐवजी माधव्याला नगरात पाठवायचं ठरतं. मग राजाच्या मनात येतं, हा पोरगा वाचाळ आहे, अंतःपुरात जाऊन बडबडेल. म्हणून तो माधव्याचा हात धरून म्हणतो, अरे, हरणांच्या पाडसांबरोबर वाढलेली ती मुलगी कुठे आणि आपण कुठे. ‘परिहासविजल्पितं सखे परमार्थेन न गृह्यतां वचः’. गंमत केली रे, खरं मानू नकोस. मी हे वाचून पुढे निघाले होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, शाप तर चौथ्या अंकात आहे ना? मग हे खोटं कोणामुळे?”

मी पुस्तक खाली ठेवलं. इतकी वर्षं मी तो श्लोक विनोदाच्या खात्यात टाकत आले होते. त्या दिवशी घरी जाऊन सहावा अंक पुन्हा वाचला. तिथे अंगठी सापडल्यावर राजा माधव्याला विचारतो, मी विसरलो, पण तुला तर सांगितलं होतं, तू का नाही आठवण करून दिलीस? माधव्य म्हणतो, विसरलो नव्हतो. पण सगळं सांगून झाल्यावर ही थट्टा होती असं तुम्हीच म्हणालात, आणि मातीच्या गोळ्यासारखी बुद्धी माझी, मी ते तसंच धरलं. म्हणजे राजवाड्यात एक साक्षीदार होता. शापानं त्याची स्मृती गेली नव्हती. राजानं स्वतःच्या खोट्यानं ती साक्ष आधीच निकामी करून ठेवली होती. आणि पाचव्या अंकात शकुंतला येण्याच्या जरा आधी हाच माधव्य रंगमंचावरून बाहेर काढला गेलेला असतो, तोही राण्यांच्या भानगडीतच.

त्या भानगडीकडे जरा थांबून बघू, कारण पाचवा अंक उघडतो तोच तिथे. आतून गाणं ऐकू येतं, हंसपदिका नावाची राणी आळवते आहे. गाणं महाराष्ट्री प्राकृतात आहे, त्या काळी नाटकातल्या बायकांची गाणी त्याच भाषेत असायची, आणि आपल्या मराठीची नाळ त्या भाषेशी आहे म्हणून ते मोठ्यानं म्हणून पाहा:

अहिणवमहुलोलुवो तुमं तह परिचुंबिअ चूअमंजरिं ।
कमलवसइमेत्तणिव्वुदो महुअर विम्हरिओ सि णं कहं ॥

नव्या मधाला हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहराला तसं चुंबून, आता कमळात राहायला मिळालं एवढ्यावर सुखावून तिला विसरलास कसा? ‘विम्हरिओ’ म्हणजे विसरला. राजा हसून माधव्याला सांगतो, हिच्यावर मी एकदाच प्रेम केलं, आता वसुमती राणीवरून मला टोमणा मारते आहे. ‘सकृत्कृतप्रणयोऽयं जनः’. एकदाच! हंसपदिकेला विसरायला कोणत्या ऋषीचा शाप लागला होता? कोणाचाच नाही. कालिदासानं शापामुळे विसरलेल्या बायकोचा प्रवेश, शापाशिवाय विसरलेल्या बायकोच्या गाण्यानंतर ठेवला आहे. आणि पहिल्या अंकात शकुंतलेभोवती घोंगावणारा भुंगा तुम्हाला आठवत असेलच.

शकुंतलेची सखी अनसूया, तिला ही भीती आधीपासून होती. तिसऱ्या अंकात ती राजाला तोंडावर म्हणते, राजांना पुष्कळ बायका असतात असं ऐकतो, आमच्या सखीसाठी तिच्या माणसांना रडायची वेळ आणू नका. राजा झोकात उत्तर देतो: बायका कितीही असल्या तरी माझ्या कुळाचे आधार दोनच, समुद्राचा कंबरपट्टा ल्यालेली पृथ्वी आणि तुमची ही सखी. ऐकायला गोड आहे. पण प्रेमाच्या कबुलीतही राज्य पहिलं आणि ती दुसरी, हा क्रम राजाच्या तोंडून आपसूक निघून गेला आहे.

आता अंगठी. निघताना राजानं ती तिच्या बोटात घातली आणि सांगितलं, माझ्या नावातलं रोज एक अक्षर मोज, शेवटच्या अक्षराला येशील तोवर तुला न्यायला माणूस येईल. दु, ष्य, न्त. अक्षरं तीन. म्हणजे तीन दिवस. आता चौथ्या अंकाचा आरंभ बघा. पहाटे अनसूया एकटीच बोलते आहे: इतका काळ गेला, साधं पत्रसुद्धा नाही. भोळ्या मनाच्या सखीला एका असत्यवचनी माणसावर विश्वास टाकायला लावला, आता मदन समाधान पावो. मग ती स्वतःलाच सावरते, की बहुधा दुर्वासांचा शाप असं करतो आहे, नाहीतर तो राजर्षी इतकं बोलून गेलेला, गप्प कसा बसेल? अनसूयेच्या मनात दोन्ही स्पष्टीकरणं शेजारी शेजारी आहेत, तो खोटा आहे आणि शाप आहे. शाप स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या दोघींपैकी ही एक! तिलासुद्धा पहिल्यांदा सुचतो तो विश्वासघात.

पाचव्या अंकातला दरबार वर्गात मी दोन तास घेत असे. त्यात दुष्यंतावर अन्याय होऊ नये म्हणून हे आधी सांगायला हवं, की त्याला खरोखर काही आठवत नाही, आणि समोर इतकी सुंदर बाई चालून आली असताना तो हात पुढे करत नाही याचं प्रतिहारीला, म्हणजे द्वाररक्षिकेला, कौतुक वाटतं. तो पुरोहिताला कळवळून विचारतोही, की मी भ्रमिष्ट झालोय की ही खोटं बोलते आहे? बायको टाकणारा होऊ, की परस्त्रीच्या स्पर्शानं बाटू? अडचण खरी आहे. पण ती सोडवताना तो कोणती भाषा वापरतो ते ऐका. शकुंतला बोट पुढे करते तर अंगठी नाही, वाटेत पाण्यात ती गळून पडलेली. मग ती आठवण सांगते. लतामंडपात द्रोणातलं पाणी तुम्ही माझ्या दीर्घापांग नावाच्या पाडसाला पाजायला गेलात, ते अनोळखी म्हणून तुमच्या हातचं प्यालं नाही, माझ्या हातचं प्यालं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, प्रत्येकाचा विश्वास आपल्या माणसावर, दोघंही तुम्ही रानातलीच. इतकी नेमकी, इतकी घरगुती आठवण कोणी रचून सांगत नाही. राजा म्हणतो, बायकांच्या अशाच गोड खोट्याला विषयी माणसं भुलतात. बरोबर आलेली वडीलधारी तापसी गौतमी मध्ये पडते, ही तपोवनात वाढली, हिला कपट ठाऊक नाही. तर राजा कोकिळेचा दाखला देतो, की पशुपक्ष्यांतल्या माद्यासुद्धा न शिकवता चलाख असतात, आपली पिल्लं दुसऱ्यांकडून वाढवून घेतात, मग माणसांतल्या बायकांचं काय सांगावं!

शापानं त्याची स्मृती घेतली होती. हा तिरस्कार शापात नव्हता. दुर्वासांचे शब्द काढून पाहा: आठवण करून दिली तरी त्याला तू आठवणार नाहीस, दारुड्याला आधी बोललेलं आठवत नाही तसं. बस, एवढंच. ‘बायका खोटारड्या’ हे वाक्य दुष्यंताचं स्वतःचं आहे, आणि महाभारतातला दुष्यंतही जवळजवळ तेच म्हणाला होता: ‘असत्यवचना नार्यः’. कालिदासानं खोटं काढून टाकलं, हे वाक्य राहू दिलं.

तेव्हा शकुंतलेच्या तोंडून शब्द येतो, ‘अनार्य’. राजाला, त्याच्याच सभेत. तुम्ही आपल्या मनासारखं जग मोजता; धर्माचा अंगरखा घातलेले, गवतानं झाकलेली विहीर आहात तुम्ही. गवतानं झाकलेली विहीर ही उपमा गावाकडच्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यानंतर पडीक विहिरीच्या काठावर गवत माजतं, आणि गुरं त्यात जातात. वरून हिरवं दिसतं म्हणूनच जातात. तिला पोचवायला आलेला कण्वांचा शिष्य शार्ङ्गरव तर सत्तेचंच माप काढतो: जन्मात कपट शिकली नाही तिचं बोलणं प्रमाण नाही, आणि दुसऱ्याला फसवणं ही विद्या म्हणून जे शिकतात त्यांचा शब्द मात्र खरा! राजनीतीवर याहून झोंबरी टीका त्या सभेत होणं शक्य नव्हतं.

पण याच शार्ङ्गरवानं पुढच्या दोन मिनिटांत काय केलं? रडत मागे येणाऱ्या शकुंतलेला दरडावलं, राजा म्हणतो तशी तू असशील तर बाप तुला घेऊन काय करील, आणि तू शुद्ध असशील तर नवऱ्याच्या घरी दासी होऊनही राहणं बरं. आणि निघून गेला. सत्तेनं दगा दिला म्हणून आपण राजाकडे बोट दाखवतो. माहेरच्यांनी ज्या दारात सोडली त्याच दारात ती एकटी उरली, ही गोष्ट चौथ्या अंकात ढसाढसा रडणाऱ्या प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे तर हे नाटक चौथ्या अंकासाठीच डोक्यावर घेतलं गेलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला, तोही पहिल्या चार अंकांचाच. कण्वाचा निरोप लग्नाच्या मांडवात आजही आठवतो. पण ‘कन्या हे परक्याचंच धन’ असं म्हणून कण्व मोकळा श्वास घेतात, आणि पुढच्याच अंकात त्या धनाला दोन्हीकडे जागा नाही. हे दोन अंक सलग वाचा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका.

सहाव्या अंकातला कोळ्याचा प्रवेश परीक्षेत बहुधा ‘विनोदी प्रवेश’ म्हणून येतो. मला तो विनोदी वाटत नाही. रोहित मासा चिरताना पोटात अंगठी सापडली, ती विकायला बाजारात आणली, तर शिपायांनी कोळ्याच्या मुसक्या बांधल्या. तो सांगतोय, मी चोर नाही. त्याच्या जातीवरून, धंद्यावरून चेष्टा चालली आहे. मारायच्या आधी त्याच्या गळ्यात फुलं बांधायला एकाचे हात शिवशिवताहेत. राजाच्या नावाची हीच अंगठी शकुंतलेच्या बोटात नव्हती म्हणून ती खोटी ठरली, आणि याच्या हातात होती म्हणून हा चोर ठरला. दोघं खरंच बोलत होती. मग आतून निरोप येतो, सोडा त्याला, अंगठीच्या किमतीइतकं बक्षीस द्या. शिपायांची नजर पैशांकडे जाते, आणि कोळी न मागता म्हणतो, मालक, यातलं अर्धं तुमच्या फुलांसाठी. लगेच तो ‘प्रिय मित्र’ होतो आणि सगळी मिळून दारूच्या दुकानात जातात.

अंगठी हातात आल्यावर दुष्यंताला सगळं आठवतं, आणि इथून पुढे मला तो माणूस म्हणून आवडायला लागतो. चित्र काढतो, वसंतोत्सव बंद करतो, अंगठीला दोष द्यायला जातो आणि मध्येच थांबतो: ती तर अचेतन वस्तू, तिला गुण कळले नाहीत, पण मी, मी तिला का धुडकावली? शापाची त्याला अजून काहीच कल्पना नाही, हे लक्षात ठेवा. अशातच कारभाऱ्याचा कागद येतो. धनमित्र नावाचा व्यापारी जहाज फुटून मेला, निपुत्रिक आहे, नियमाप्रमाणे संपत्ती सरकारजमा. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे का ते पाहा. एक आहे. मग त्या पोटातल्या मुलाला बापाची संपत्ती मिळेल, असा हुकूम निघतो. पूर्वी याच राजासमोर एक गरोदर बाई उभी होती आणि त्यानं पुरावा मागितला होता. आज पुरावा न मागता, न जन्मलेल्या मुलाचा हक्क तो मान्य करतो. सत्ता शहाणी झालेली मला साऱ्या नाटकात फक्त इथे दिसते, कागदाच्या एका निकालात.

परीक्षेत काय लिहायचं ते विचारलंत म्हणून सांगते. शापामुळे नायकाचं धीरोदात्तपण, म्हणजे आदर्श नायकाचा थोरपणा, राखलं गेलं हे लिहा, कुंतकाचं नाव लिहा, त्याचे गुण मिळतील. मग ‘तथापि’ म्हणून नवा परिच्छेद करा आणि तीन जागा दाखवा: दुसऱ्या अंकातलं ‘परिहासविजल्पितं’, हंसपदिकेचं गाणं, आणि शापात नसलेलं कोकिळेचं वाक्य. श्लोक पाठ असतील तर तपासणाऱ्याला तुमचं म्हणणं नाकारता येणार नाही. विश्वासघात की दुर्दैव, असा एकच कप्पा निवडू नका. महाभारतात तो सरळ विश्वासघात आहे. कालिदासानं खोटं बोलणारी जीभ शापानं झाकली आणि ते खोटं पचवणारी व्यवस्था, म्हणजे पुष्कळ बायकांचं अंतःपुर, पुरावा मागणारी सभा, परत न घेणारं माहेर, सगळी उघडी ठेवली.

राहिला सातवा अंक. हेमकूट पर्वतावर मारीच ऋषींचा आश्रम. सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा मुलगा, मळकट वस्त्रातली, एकवेणी घातलेली शकुंतला. मुलगा विचारतो, आई, हा कोण? ती म्हणते, बाळा, आपल्या नशिबाला विचार. राजा पाया पडतो. ती त्याला उठवते, माझंच काही पूर्वीचं पाप आड आलं असेल म्हणते. इथपर्यंत शापाचा उल्लेख कोणी केलेला नाही. म्हणजे तिनं त्याला स्वीकारलं ते कारण न कळताच. शाप कळतो नंतर, मारीचांच्या तोंडून. ते ऐकताच राजा सुस्कारा टाकून म्हणतो, सुटलो एकदाचा लोकापवादातून, ‘वचनीयान्मुक्तोऽस्मि’. आणि ती मनाशी म्हणते, नशीब, आर्यपुत्रांनी मला विनाकारण टाकलं नव्हतं. पण मला शाप मिळाल्याचं काही आठवत नाही. एकाच बातमीवर दोघांची पहिली प्रतिक्रिया काय, ती शेजारी शेजारी ठेवून बघा. मारीच तिला सांगतात, पतीचं मन आता स्वच्छ झालं आहे, त्यावर ‘प्रभुता तवैव’, सत्ता आता तुझीच.

त्या सत्तेचा एक वापर तिनं मारीचांनी सांगायच्या आधीच केलेला असतो. पाया पडून उठलेल्या राजाच्या बोटातली अंगठी तिला दिसते. राजा ती तिच्यापुढे धरतो: वेलीनं वसंत भेटल्याची खूण म्हणून हे फूल घ्यावं. शकुंतला म्हणते, ‘ण से विस्ससामि’. माझा हिच्यावर विश्वास नाही. आर्यपुत्रांनीच ही घालावी.

तेवढ्यात इंद्राचा सारथी मातली येतो आणि बोलणं तिथेच थांबतं. नाटक संपेपर्यंत अंगठी दुष्यंताच्याच बोटात असते.